न विचारता दिलेली साक्ष

२००५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मी माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला चोवीस पोरांसमोर कम्युनिस्ट ठरवलं. मला कुणी धमकी दिली नव्हती, आमिषही दाखवलं नव्हतं. तास चांगला रंगला होता, एवढंच कारण.

या लिखाणात तुम्हाला कुणाचंच नाव सापडणार नाही, ते त्यामुळे. मित्राचं नाही, बायकोचं नाही, शाळेचंही नाही. एकदा हात पोळलेत. खरं तर हात त्याचे पोळले. मी नुसता शेजारी उभा राहून फुंकर घालत होतो.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहायचो. बायको सॉफ्टवेअरमध्ये. तिच्या व्हिसाला लटकून मी आलो आणि तिच्याच ग्रीन कार्डाला लटकून कायमचा झालो. सोलापुरात मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवत असे. इकडे आल्यावर दोन-तीन वर्षं घरी बसून स्वयंपाक बिघडवला. मग कळलं, की पदवी असलेल्या माणसाला या राज्यात नोकरी करता करता शिक्षकाचा परवाना मिळवता येतो. बायकोने अर्ज स्वतः भरला. स्वयंपाकघर परत ताब्यात घ्यायची तिला घाई होती.

अशा रीतीने सोलापूरचा माणूस अकरावीतल्या अमेरिकन पोरांना अमेरिकेचा इतिहास शिकवायला लागला. मुलाखतीत मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला आमचा इतिहास का आवडतो?" मी म्हणालो, "तो छोटा आहे." त्या खूप हसल्या. मी गंमत करत नव्हतो, पण नोकरी मिळाली.

पहिल्याच चाचणीत एका मुलाला अठ्ठावन्न मार्क पडले. आमच्या वेळी अठ्ठावन्न म्हणजे फर्स्ट क्लासच्या दाराला हात लावून परत आलेला माणूस, घरी शिरा व्हायचा. मी खाली लाल पेनाने "व्हेरी गुड" लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत हजर. इकडे साठच्या खाली नापास. बाईंना वाटलं, मी त्यांच्या मुलाची टिंगल केली. मी त्यांना सेकंड क्लास समजावून सांगायला लागलो, आणि त्या आणखी चिडल्या, कारण त्यांना वाटलं, मी त्यांच्या घराण्याची लायकी काढतोय.

पण ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. खिडकीखालच्या हीटरमधून कुणीतरी आत कोंडल्यासारखा ठकठक आवाज यायचा. पोरं जाड कोट खुर्चीला टांगायची आणि वर्गाला ओल्या लोकरीचा वास यायचा. फळा हिरवा होता. मला अजून वाटतं, की मी आयुष्यात जे काही बरं शिकवलं ते त्या हिरव्या फळ्यासमोर.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्थलांतराचा धडा मी उत्तम शिकवायचो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. मागच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला होता, आणि प्रत्येकाने घरी विचारून यायचं: युद्ध संपल्यानंतर आपली माणसं कुठून कुठे गेली? मग त्या दोन ठिकाणी टाचण्या टोचायच्या आणि मध्ये लोकरीचा धागा बांधायचा. एकाचे आजोबा मिसिसिपीहून रेल्वेने नेवार्कला आलेले, मांडीवर बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, कारण गाडीतल्या जेवणाच्या डब्यात काळ्या माणसाला धड बसू देतील याची खात्री नाही. एकीची आजी युक्रेनची. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत तीन हिवाळे काढून बोटीने आलेली. एकाचे आजोबा पोर्तो रिकोहून इकडच्या शेतांत टोमॅटो तोडायला आले आणि टोमॅटो संपले तरी परत गेले नाहीत. एका काळ्या मुलीची आजी सांगायची, की सैनिकांसाठी एकसारख्या घरांची रांगच्या रांग बांधली तेव्हा आजोबा युद्धावरून मिळालेलं पदक लावून घर बघायला गेले होते. विकणारा म्हणाला, सगळी संपली. त्यानंतर दोन वर्षं त्या रांगेत रिकामी घरं दिसत होती.

हे ऐकताना पोरं नकाशाजवळ सरकायची. मीही माझा धागा लावला. नकाशा युरोपपाशी संपत होता, म्हणून सोलापूर मी भिंतीवरच्या दिव्याच्या बटणावर चिकटवलं. दिवा लावायचा म्हणजे सोलापूर दाबायचं, असं पुढे वर्षभर चाललं.

घोडं अडलं ते पुढच्या धड्यात. त्याच काळात या देशाला आपल्याच घरात कम्युनिस्ट लपल्याची भीती बसली. लोकांना समित्यांपुढे बोलावलं, शिक्षकांकडून निष्ठेच्या शपथांवर सह्या घेतल्या, कुणी वीस वर्षांपूर्वी कुठल्या सभेला गेला होता यावरून त्याची नोकरी गेली. आणि समोर बसवून विचारायचं काय, तर तुझ्याबरोबर आणखी कोण कोण होतं. नावं सांगितलीस तर सुटलास.

पोरांना हे काही केल्या खरं वाटेना.

"पण त्यांनी नावं सांगितलीच कशाला?" मागे बसणारा एक मुलगा म्हणाला. हा शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होता, पाय बाकाखाली मावायचे नाहीत म्हणून वाटेत ठेवायचा. "गप्प बसायचं. मी असतो तर एक नाव सांगितलं नसतं."

"मीसुद्धा," दुसरा म्हणाला. मग तिसरी. बघता बघता चोवीसच्या चोवीस शूर निघाले.

मग बास्केटबॉलवाल्याने विचारलं, "मिस्टर, तुम्ही कधी खराखुरा कम्युनिस्ट बघितलाय?"

झालं. माझ्या घशाशी सोलापूर आलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाल बावटेवाल्यांचं ऑफिस होतं. विडी कामगार बायकांच्या सभा तिथे व्हायच्या, आणि सभा नसेल तेव्हा तिथे कॅरम असायचा. सबंध पेठेत तसा बोर्ड नव्हता. सोंगटी नुसती बघितली तरी सरकायची. ऑफिस सांभाळायला एक म्हातारे कॉम्रेड होते, पांढरा फुल शर्ट आणि खिशाला तीन पेनं. आम्ही त्यांना कॉम्रेडकाका म्हणायचो. त्यांच्या अटी दोन. आत येताना दारातल्या रजिस्टरात पूर्ण नाव लिहून सही करायची, आणि महिन्यातून एका रविवारी अभ्यासवर्गाला बसायचं. अभ्यासवर्गात ते वरकड मूल्य, म्हणजे कामगाराच्या घामातलं मालक किती खातो ते, समजावून सांगायचे. आम्ही "हो, हो" म्हणायचो आणि एक डोळा बोर्डावर ठेवायचो. मी आणि माझा मित्र कॉलेजची तीन वर्षं तिथे पडीक होतो. एक मेच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढचा झेंडा मित्राच्या हातात असायचा, कारण तो सहा फूट एक इंच होता आणि कॉम्रेडकाकांचं म्हणणं होतं, की झेंडा लांबून दिसला पाहिजे. मी मागे, पाण्याच्या घागरीजवळ.

हे सगळं मी वर्गाला सांगितलं, झेंडा सोडून. पोरं अशी ऐकत होती, की मला वाटलं, आता नुसतं सांगून भागायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी तीन बाकं जोडून समितीच बसवली. बास्केटबॉलवाला अध्यक्ष. समोर खुर्चीत साक्षीदार म्हणून मी. आणि बाजूला वार्ताहर म्हणून वही घेऊन वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी.

या मुलीबद्दल सांगायला हवं. जन्म इकडचा, आईवडील पुण्याचे आणि आमच्या चांगल्या ओळखीचे. कुणाच्या घरी गणपतीला भेटली की मी "काका". शाळेत "मिस्टर" आणि पुढे माझं आडनाव, तेही असं उच्चारलेलं, की हाक मला आहे हे कळायला वेळ लागे. शाळेचा पेपर तीच चालवायची. तो पेपर त्याच वर्षी कागदाबरोबर इंटरनेटवरही यायला लागला होता.

"तुम्ही त्या ऑफिसात जात होता?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"कशासाठी?"

"कॅरम खेळायला."

"कॅरम म्हणजे काय?"

मी फळ्यावर बोर्ड काढला. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, मध्ये एक लाल, आणि प्रत्येकाला ती लाल आपल्यालाच हवी असते, असं म्हटल्यावर अध्यक्षांनी बाकीच्या दोघांकडे सूचक नजर टाकली. वर्ग खदखदून हसला. मी पेटलो.

"तिथे तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

आता हा प्रश्न मीच आदल्या दिवशी शिकवला होता. फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. या एका प्रश्नापुढे लोकांची घरं कशी मोडली, ते मीच कळवळून सांगितलं होतं. आणि आता तो मला विचारल्यावर मी काय केलं? मी खूश झालो. आपल्या मित्राची कुणी चौकशी केली की माणूस खूश होतोच. त्यातून आपल्याकडे ओळख करून द्यायची म्हणजे सातबारा वाचायचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मूळ गाव कुठलं, वडील कशात होते, इंजिनिअरिंग कुठून केलं, सध्या तिकडे पश्चिम किनाऱ्याला, बेलव्ह्यूला कुठल्या कंपनीत, तिथे कितव्या मजल्यावर बसतो, खिडकीतून तळं दिसतं. सगळं सांगितलं. वर "फार मोठा माणूस झालाय" हेही. मराठी मुलीने स्पेलिंग विचारलं. मी उठून फळ्यावर लिहून दिलं, तिन्ही नावं, मोठ्या अक्षरात. आणि टाळ्या पडाव्यात म्हणून झेंड्याचं सांगितलं. पडल्या.

"मिस्टर," घड्याळाकडे बघत अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला चार सेकंद लागले."

पोरं हसली. मीही हसलो. मला वाटलं, धडा पोचला.

मुलीने लेख झकास लिहिला. छापण्याआधी मला दाखवला, मी वाचून खाली "छान!" लिहिलं. पेपर निघाला तेव्हा एक प्रत फ्रिजवर लावली. एवढ्यावरही थांबलो नाही. कॉलेजच्या मित्रांचा आमचा एक ई-मेल ग्रुप होता. त्याच्यावर लेखाची लिंक टाकली: "बघा रे, आपला कॅरम अमेरिकेच्या इतिहासात गेला!" त्या ग्रुपवर तोही होता.

शनिवारी सकाळी त्याचा फोन आला. एरवी आमचा फोन रविवारी असायचा, तास-दीड तास, आणि त्यात एकही कामाची गोष्ट नसायची. त्यातला अर्धा वेळ कुठल्या तरी जुन्या भांडणात कोण बरोबर होतं, यावर नवं भांडण.

"काय बे, वाचलंस का?" मी म्हणालो.

"नाव काढ."

"कुठलं?"

"माझं. त्या पेपरातून. आजच्या आज."

"अरे, शाळेचा पेपर आहे. पोरांच्या आयासुद्धा वाचत नाहीत."

"मी नेटवर माझं नाव टाकून बघितलं. सगळ्यात वर तेच येतंय. बापाच्या नावासकट. जगात त्या नावाचा दुसरा माणूस नाही."

त्याचा आवाज इतका हळू होता, की मी हातातली सुरी खाली ठेवली.

त्याचं ग्रीन कार्ड शेवटच्या पायरीवर होतं. सहा वर्षं तो त्या कागदापायी एका खुर्चीत बसून होता. बढती दोनदा नाकारली होती, कारण पद बदललं तर कागद पुन्हा पहिल्यापासून. धाकटी मुलगी तिथेच शाळेत जायला लागली होती. आणि त्या अर्जात एक प्रश्न आहे: तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षात होता का, किंवा त्याच्याशी कुठल्याही प्रकारे तुमचा संबंध होता का?

"मी 'नाही'वर खूण केलीय," तो म्हणाला. "खाली सही केलीय."

"मग बरोबरच आहे की. आपण कॅरम खेळायला जायचो."

"रजिस्टरात सह्या आहेत. तीन वर्षं. आणि झेंडा कुणाच्या हातात होता, ते तू छापलंयस."

"मी नाही छापलं, त्या मुलीने—"

"तू."

मी काहीतरी बोलायला गेलो. "ही ऐकतेय, ठेवतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला. पलीकडे स्वयंपाकघरात उभी असलेली त्याची बायको मला दिसली. न बघता दिसली.

मी माझ्या बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तूही तोच अर्ज भरलायस. तूही 'नाही'वर खूण केलीयस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं कार्ड येऊन पाकिटात बसलं होतं. एकदा आत आलं, की बाहेर रांग आहे हे माणूस विसरतो. मी तर विसरून त्यावर विनोदी तास घेतला होता.

"सोमवारी त्या मुलीशी नीट बोल," बायको म्हणाली. "आणि भाषण करू नकोस."

सोमवारी डब्याच्या सुट्टीत मी मुलीला गाठलं. ती बर्गरचा कागद सोडवत होती.

"काका," ती म्हणाली. शाळेत पहिल्यांदाच. "तुम्ही मला स्पेलिंग दिलंत."

"हो."

"मी तुम्हाला प्रूफ दाखवलं. यू रोट 'छान'."

"लिहिलं."

"मग आता काढा का म्हणता? लास्ट वीक तुम्हीच सांगत होतात ना, की कुणी प्रेशर आणलं म्हणून पेपरमधून गोष्टी काढणं इज द वर्स्ट?"

"तो घाबरलाय गं."

"बट दॅट्स लाइक फिफ्टी इयर्स अगो. आता कोण घाबरतं?"

मी तिला अर्जातल्या प्रश्नाचं सांगितलं. तिचे आईवडीलही तोच अर्ज भरून नागरिक होण्याच्या वाटेला लागले होते. तिला ते माहीत नव्हतं. तिचा जन्म इकडचा, तिला कुणी कधी काही विचारलेलंच नव्हतं.

"इट्स स्टिल ऑन द फॉर्म?"

"आहे."

तिने बर्गर पुन्हा गुंडाळून ठेवला. दुपारपर्यंत संपादक मंडळाची बैठक झाली आणि निर्णय मला माझ्या वर्गाच्या दारात ऐकवण्यात आला. इंटरनेटवरच्या लेखातून मित्राचं नाव, वडिलांचं नाव, गाव, कंपनी आणि झेंडा, सगळं जाणार. लेख राहणार.

"आणि तुमचं नाव राहणार," ती म्हणाली.

"राहू दे."

"आणि खाली आम्ही लिहिणार, की एका माणसाला त्रास होऊ नये म्हणून त्याचं नाव काढलंय."

"अगं, असं लिहिलं तर उलट संशय येईल!"

"न सांगता काढलं तर तो माणूस नव्हताच असं होईल, काका. ते आम्हाला नाही करायचं."

सोळा वर्षांची मुलगी. मी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागलो, कारण कागदी प्रती शाळाभर पसरल्या होत्या. त्या मी गोळा केल्या. कॅन्टीनमधून, जिमच्या बाहेरच्या रॅकवरून, शिक्षकांच्या टॉयलेटमधून. काखेत गठ्ठा घेऊन पार्किंगकडे पळणारा इतिहासाचा शिक्षक शाळेच्या सफाई कामगाराने पाहिला. तो माझ्यासाठी दार धरून उभा राहिला, आणि तेच जास्त लागलं. पेपर जप्त करून गाडीच्या डिकीत भरणारा मी. आदल्याच आठवड्यात असल्या लोकांना मी फळ्यासमोर उभं राहून नावं ठेवत होतो.

लेखातून नाव गेलं तरी शोधलं की जुनी ओळ दिसतच राहायची. मोकळ्या तासाला मी लायब्ररीत जाऊन रोज त्याचं पूर्ण नाव टाइप करायचो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रोज ते वर यायचं. तीन आठवड्यांनी एका सकाळी आलं नाही, आणि मी लायब्ररीत इतक्या मोठ्याने "हा!" म्हणालो, की लायब्ररीयन बाई उठून आल्या.

मित्राचा फोन मात्र बंद. रविवार यायचा, वेळ व्हायची, मी फोनजवळचं काहीतरी आवरत बसायचो. मग डिसेंबरात दोन ओळींची ई-मेल आली: वकिलाने सांगितलंय, उद्या कुणी विचारलंच तर हाताशी असावं म्हणून तुझं एक प्रतिज्ञापत्र हवंय. तिथे आम्ही फक्त खेळायला जायचो, एवढंच लिही.

मी चार पानं लिहिली. बोर्डाच्या गुळगुळीतपणापासून सुरुवात केली. वरकड मूल्याच्या वेळी मित्र कसा डुलक्या घ्यायचा, ते लिहिलं. शेवटी त्याचा निर्दोषपणा पक्का करावा म्हणून लिहिलं, "त्याने झेंडा धरला तो केवळ उंचीमुळे." बायकोने पानं वाचली आणि पेन मागितलं.

"झेंड्याचं इमिग्रेशनवाल्यांना माहीत आहे?"

"नाही. पण निघालंच पुढे तर खुलासा असलेला बरा, म्हणून—"

तिने ती ओळ खोडली. मग अलीकडची खोडली. असं करत करत ती पहिल्या पानावर आली. शेवटी पाच ओळी उरल्या. त्या टाइप करून मी बँकेत गेलो, तिथल्या नोटरी बाईंसमोर सही केली. शिक्का मारताना त्यांनी कागद वाचला. "कॅरम म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिटलं. "एक खेळ आहे," म्हणालो.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा मी वर्गाला सांगितलं. माझ्या चार सेकंदांमुळे एक माणूस पाच आठवडे नीट झोपलेला नाही, आणि तो माझ्याशी बोलत नाही. एवढंच. बास्केटबॉलवाल्याने पाय बाकाखाली ओढून घेतले. मग एक मुलगी म्हणाली, "पण आम्हीच विचारलं होतं," आणि मी म्हणालो, की विचारणं तुमचं काम होतं. हीटर ठकठक करत राहिला. त्या दिवशी मी काही शिकवलं नाही. पण परीक्षेत त्या धड्यावरची उत्तरं पोरांनी जशी लिहिली, तशी पुढे कुठल्याच वर्गाने लिहिली नाहीत. मी पुढच्या वर्षीही तोच धडा घेतला, जास्त तयारीने, जास्त सावधपणे, आणि तो तितका पोचला नाही. पोचवायला दर वर्षी एक मित्र लागणार, आणि माझ्याकडे तेवढे नाहीत.

त्याचं ग्रीन कार्ड मे महिन्यात आलं. कुणी काही विचारलं नाही. माझं प्रतिज्ञापत्र वकिलाच्या फायलीतच राहिलं. मला ही बातमी त्याने दिली नाही. त्याच्या बायकोने माझ्या बायकोला दिली, तिने मला. मी फोन करायला उठलो आणि परत बसलो. बायको म्हणाली, "त्याला करू दे."

त्याने जूनमध्ये केला. पलीकडच्या गावात चुलतभावाची वास्तुशांत होती, त्यासाठी इकडे येणार होता. इकडचं-तिकडचं बोलला, विमानाच्या वेळा सांगितल्या, आणि मग म्हणाला, "तुझा तो वर्ग बघायचाय."

इकडे शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. परीक्षा संपलेल्या, पुस्तकं जमा झालेली, नकाशावरचे धागे सोडून पोरांनी मनगटांना बांधलेले. तो दारातून आत आला. ती उंची बघून पोरांना सांगायची गरजच पडली नाही. मी ओळख करून द्यायला पुढे सरसावलो, तर तो म्हणाला, "तू बस." मी बसलो.

बास्केटबॉलवाल्याने विचारलं, "तुम्ही अजून रागावलाय त्यांच्यावर?"

"हो," मित्र म्हणाला. "पण मी आता विमानाने आलोय, तेव्हा थोडा कमी."

पोरं हसली. मग बास्केटबॉलवाला उभा राहिला. घसा खाकरला. मला वाटतं, त्याच्या मनात हे बरेच दिवस होतं.

"सर, तिथे तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

मित्राने छताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आठवत नाही."

"एकही नाव नाही?"

"एकही नाही. फार वर्षं झाली."

"पण सर," मराठी मुलगी न राहवून म्हणाली, "काका तर इथेच बसलेत! त्यांनी स्वतःच सांगितलंय, की ते तुमच्याबरोबर होते."

तो वळला. बाकावर अंग चोरून बसलेल्या माझ्याकडे त्याने असं बघितलं, जणू मला पहिल्यांदाच पाहतोय. मग इंग्रजी सोडून सरळ सोलापुरीत म्हणाला,

"हा? ह्याला कोण घेतंय बे पक्षात? ह्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."